दप्तरावर पहारा



“माझी फाईल कुठपर्यंत आली?” हा प्रश्न ज्याने आयुष्यात एकदाही विचारला नाही असा मनुष्य धाराशिव जिल्ह्यात सापडणे कठीण. फाईल हलते, अडते, वर जाते, खाली येते, एखाद्या टेबलावर महिनोन् महिने विसावते, आणि कधी कधी तर सापडतच नाही. आज मी ज्या फायलींविषयी बोलणार आहे त्या मात्र कागदाच्या नाहीत, संगणकातल्या आहेत. त्यांनाही हालचाल असते. कोणी त्या उघडतो, कोणी त्यांत एखादा शब्द बदलतो, कोणी त्या पुसून टाकतो. या हालचालीवर पहारा कसा ठेवावा, आणि त्यासाठी मोठी यंत्रसामग्री न लागता चार ओळींची एक चिठ्ठी कशी पुरते, हा आजचा विषय. संगणकवाल्यांच्या भाषेत या चिठ्ठीला ‘शेल स्क्रिप्ट’ म्हणतात. शब्द परका असला तरी त्यामागची काळजी आपल्या दप्तरांच्या चांगली ओळखीची आहे. म्हणून मी सुरुवात दप्तरापासूनच करतो.

मराठेशाहीतील एखादे अस्सल पत्र कोणी पाहिले असेल तर त्याच्या अखेरीस ‘मोर्तब सूद’ ही अक्षरे त्याने वाचली असतील. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहानशी मुद्रा उमटवलेली असते. मजकूर इथे संपला, याच्या खाली कोणी एक अक्षर लिहिले तर ते आमचे नव्हे, एवढेच तिचे सांगणे. ‘बार’ असा आणखी एक शेरा पत्रांवर सापडतो. पत्राची नोंद दप्तरातल्या वहीत झाली, असा त्याचा अर्थ. त्या वहीचे नाव बारनिशी, आणि मौज अशी की आजही आपल्या कचेऱ्यांत आवक-जावक बारनिशी आहेच. लांबलचक महजर असला की कागदाला कागद चिकटवून वळी करीत, आणि सांध्यावर शिक्का मारीत. मधला एखादा तुकडा कोणी बदलला तर शिक्क्याच्या दोन अर्ध्या जुळायच्या नाहीत. तेव्हा, लिहिणे हे एक काम आणि लिहिलेल्यावर नजर ठेवणे हे दुसरे काम, ही समज आपल्याला संगणकाने दिलेली नाही.

सातबाराचा उतारा घ्या. वारसाने म्हणा, खरेदीने म्हणा, जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली म्हणजे जुने नाव खरवडून काढीत नाहीत. त्याला कंस करतात, आणि नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहितात. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा उघडला की कोणत्या कारणाने, कोणत्या दिवशी, कोणी नोंद धरली आणि मंडळ अधिकाऱ्याने ती केव्हा प्रमाणित केली, हे सगळे सापडते. हरकतीला पंधरा दिवसांची मुदतही असते. मला या कंसाचे फार कौतुक वाटते. ज्याने ही पद्धत बसवली त्याला ठाऊक होते, की जमिनीचा खरा इतिहास आजच्या नावात नसतो. नाव बदलले केव्हा आणि कोणी, यात असतो.

आपल्या जिल्ह्याला तर हे विशेष समजते. निजामाच्या अमलात वरच्या कचेऱ्यांचे दप्तर उर्दूत होते आणि गावच्या पटवाऱ्याचे बहुधा मोडीत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९८२ साली लातूर जिल्हा आपल्यातून वेगळा निघाला. प्रत्येक वेळी दप्तरांनी जागा बदलली, लिपी बदलली, नमुने बदलले. मराठवाड्यातल्या जमिनीच्या खटल्यांत अजूनही १९५४ सालचे खासरा पत्रक आणि जुने सेतवार काढून पाहावे लागते. दप्तराच्या अशा प्रत्येक मुक्कामावर एखाद्या कुळाचे, एखाद्या विधवेचे, एखाद्या गाव सोडून गेलेल्या भावाचे नाव गळण्याला वाव होता.

आता हेच दप्तर संगणकात आले आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातील जुनी दप्तरे उलगडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले, आणि सापडलेल्या कुणबी नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. त्या मागणीच्या बाजूचे असोत की विरुद्ध बाजूचे, दोघांचाही प्रश्न एकच होता : हा शब्द मूळचाच आहे ना? कागदाच्या बाबतीत उत्तर शोधता येते. शाई वेगळी दिसते, अक्षराचे वळण ओळखू येते, खाडाखोडीला डाग राहतो. कागदाला जखम झाली की व्रण राहतो.

संगणकातल्या फायलीला व्रण राहत नाही. पाच एकराचे पंधरा एकर केले तर ‘पंधरा’ हा शब्द पहिल्यापासून तिथेच असल्यासारखा स्वच्छ दिसतो. इथेच पहाऱ्याचा प्रश्न उभा राहतो.

कोणी म्हणेल, फायलीवर तारीख असतेच की. असते, आणि एक नव्हे, निदान तीन असतात : मजकूर शेवटी बदलला केव्हा, फाईल शेवटी वाचली केव्हा, आणि तिच्या नावनिशाणीत, म्हणजे मालक, परवानगी वगैरेंत, शेवटचा फेर केव्हा पडला. परंतु पहिल्या दोन तारखा ‘टच’ नावाच्या एका साध्या आज्ञेने हव्या तशा मागेपुढे करता येतात. आज बदललेली फाईल गेल्या दिवाळीची म्हणून दाखवणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. तिसरी तारीख इतकी सहज वाकत नाही. पण ज्याच्या हाती सगळे यंत्रच आहे तो यंत्राचे घड्याळच मागे फिरवू शकतो. म्हणून तारखेवर विसंबून चालत नाही. फायलीचा ठसाच घ्यावा लागतो.

ठसा म्हणजे काय? गणिताची एक अशी रीत आहे की तिच्यात कोणतीही फाईल घाला, एका ओळीची असो की हजार पानांची, बाहेर चौसष्ट अक्षरांची एक माळ पडते. तीच फाईल पुन्हा घातली तर तीच माळ. पण तिच्यातला एक स्वल्पविराम काढला, तरी माळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. आज सर्वत्र वापरली जाणारी रीत ‘शा-२५६’ या नावाने ओळखली जाते. तिच्या आधीची ‘एमडी-५’ नावाची एक रीत होती. २००४ साली वांग श्याओयुन या चिनी विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दोन निरनिराळ्या फायलींचा एकच ठसा काढून दाखवला, तेव्हापासून शहाणी माणसे अशा कामी तिच्यावर भिस्त ठेवीत नाहीत.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संगणक-व्यवस्था रचायला घेतली. तिच्या अंतर्भागाला त्यांच्या भाषेत ‘कर्नल’ म्हणतात, म्हणजे गर. आणि माणसाची आज्ञा ऐकून ती आत पोचवणाऱ्या बाहेरच्या थराला ‘शेल’ म्हणतात, म्हणजे कवच. आपण नारळावरून समजून घ्यावे : आत खोबरे, बाहेर करवंटी. थॉम्प्सनचे शेल १९७१ चे, स्टीफन बोर्नचे १९७९ चे, आणि आज बहुतेक ठिकाणी चालणारे ब्रायन फॉक्सचे ‘बॅश’ १९८९ चे. या शेलला एकेक आज्ञा तोंडी देण्याऐवजी त्या ओळीने कागदावर लिहून ‘हे असे असे रोज कर’ म्हणून ठेवले, की ती झाली शेल स्क्रिप्ट. घरधनी गावाला जाताना गड्याला चिठ्ठी लिहून जातो, तशातला प्रकार. गडी मात्र असा की चिठ्ठीत लिहिले आहे तेवढेच करतो, आणि चिठ्ठी चुकली तर चूकही तितक्याच निष्ठेने करतो.

आपली चिठ्ठी अशी असेल. पहिली ओळ : अमुक कपाटातल्या सगळ्या फायली शोध. दुसरी : प्रत्येकीचा ठसा काढून आजच्या तारखेच्या यादीत उतरव. तिसरी : कालची यादी आणि आजची यादी शेजारी ठेवून फरक पाहा. चौथी : फरक असेल तर तो चिटणिसांकडे पाठव. ‘क्रॉन’ नावाचा एक घड्याळजी बहुतेक लिनक्स यंत्रांत बसलेला असतो; त्याला रात्री दोनची वेळ सांगून ठेवली की काम संपले. यातली एकही आज्ञा विकत घ्यावी लागत नाही. एखाद्या पतसंस्थेकडे, वाचनालयाकडे, शाळेकडे अडगळीत पडलेले जुने यंत्र असेल तरी ते या कामाला पुरते.

परंतु ही झाली रात्रीची शिरगणती. गुरे संध्याकाळी मोजली म्हणून दुपारी कोणी बांधावरून नेऊन परत आणून बांधले ते कळत नाही. त्यासाठी दारावर बसणारा पहारेकरी हवा. लिनक्समध्ये २००५ साली ‘आय-नोटिफाय’ ही सोय आली. तिच्यावर चालणारी एक आज्ञा चिठ्ठीत घातली की ठरवून दिलेल्या कपाटात फाईल उघडली, बदलली, हलवली वा पुसली की त्या क्षणी एक ओळ लिहिली जाते. या पहारेकऱ्याचे गुण सांगितले तसे दोषही सांगितले पाहिजेत. काय झाले ते तो सांगतो. कोणी केले ते सांगत नाही. ते हवे असेल तर ‘ऑडिट’ नावाची निराळी व्यवस्था लावावी लागते. कपाटातल्या आतल्या खणांवर नजर ठेव असे वेगळे सांगितल्यावाचून तो ठेवीत नाही. एकदम फार गर्दी झाली तर काही घटना त्याच्या हातून निसटतात. आणि तो झोपला असताना, म्हणजे चिठ्ठी बंद असताना, काय घडले याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून शिरगणतीही हवी आणि पहारेकरीही हवा; एकावर भागत नाही.

आणखी एक अडचण अनुभवाने कळते. काम करताना यंत्र स्वतःच शेकडो तात्पुरत्या फायली करते आणि मोडते. त्या सगळ्यांवर पहारा बसवला तर रोज सकाळी हजार ओळींचा इशारा येतो. पहिल्या दिवशी चिटणीस तो बारकाईने वाचतात, आठव्या दिवशी चाळतात, आणि महिन्याने न उघडताच टाकून देतात. ज्वारीच्या खळ्यावर पाखरू उडाले तरी ओरडणारा राखणदार ठेवला, तर चोर आल्यावरही कोणी उठत नाही. जे बदलू नये तेवढेच निवडून त्याच्यावर पहारा ठेवावा.

शिवाय ज्यांच्यावर नजर ठेवायची त्या नोकरांना हे आधी सांगावे. लपून ठेवलेल्या पाळतीने संस्थेत कोणाचेच भले होत नाही.

या कामाचे मोल सांगणारी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचा खगोलशास्त्रज्ञ संगणकांची देखरेख पाहत होता. हिशेबात पंचाहत्तर सेंटांचा फरक आला. रुपयाच्या भाषेत चिल्लरच म्हणा. दुसरा कोणी असता तर ‘किरकोळ’ म्हणून खाडा करून मोकळा झाला असता. स्टॉलने तो फरक सोडला नाही. यंत्रात कोणी परका शिरला होता. त्या पाहुण्याने केले काय, तर दर पाच मिनिटांनी यंत्र स्वतःहून चालवीत असे अशी एक फाईल हेरली, तिच्या जागी आपली फाईल ठेवली, यंत्राने ती आपलीच समजून चालवली, आणि सर्वाधिकार पाहुण्याच्या हाती दिले. मग त्याने मूळ फाईल जागच्या जागी ठेवून दिली. कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडे घालते तसा हा प्रकार. स्टॉलने आपल्या पुस्तकाचे नावही कोकिळेच्या अंड्यावरूनच ठेवले. चोराचा माग जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत लागला, आणि चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती असे निघाले.

मला या कथेतला हेरगिरीचा भाग तितका महत्त्वाचा वाटत नाही. स्टॉलने नोंद ठेवली कुठे, ते पाहण्यासारखे आहे. त्याने ती त्याच यंत्रात ठेवली नाही. बाहेरून येणाऱ्या तारांवर त्याने उसनवारीचे छपाईयंत्र जोडले, आणि पाहुणा जे जे टंकलिखित करी ते ते कागदावर उमटू दिले. कागद यंत्राच्या बाहेर होता. पाहुण्याला त्याचा सुगावाही नव्हता आणि पुसताही येत नव्हता. ज्या घरात चोर शिरला त्याच घरात चोरीची वही ठेवली तर चोर आधी वहीच नेईल. आपल्या बहुतेक संस्थांत सध्या नेमके हेच चालते : हिशेब ज्या यंत्रात, हिशेबाचा पहाराही त्याच यंत्रात, आणि किल्ली एकाच माणसाकडे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण आपल्याला जवळचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, ११ आणि १३ तारखेला, या बँकेचे ९४ कोटी रुपयांहून अधिक गेले. बहुतांश रक्कम अठ्ठावीस देशांतल्या पैसे देणाऱ्या यंत्रांतून काढली गेली. चोरांनी बँकेच्या मुख्य खातेवहीला हात घातलाच नाही. यंत्र आणि खातेवही यांच्या मध्ये त्यांनी एक खोटी व्यवस्था उभी केली, आणि ‘पैसे द्यावेत काय?’ या प्रश्नाला ती परस्पर ‘होय’ म्हणत राहिली. खातेवहीवर कितीही कडक पहारा असता तरी तो मुकाट राहिला असता. शेल स्क्रिप्टची मर्यादा इथे स्पष्ट दिसते, आणि ती लपवून मला तुम्हांला काही विकायचे नाही. पहारा जिथे ठेवाल तिथलेच कळते. तसेच सातबाराचे. त्याच्या नोंदी सुट्या फायलींत नसतात, एका मोठ्या कोठारात असतात, आणि कोठारातल्या एका दाण्याची अदलाबदल बाहेरून ठसा घेऊन सांगता येत नाही. त्याची बारनिशी कोठाराच्या आतच, प्रत्येक नोंदीगणिक लिहिली गेली पाहिजे. डिजिटल स्वाक्षरीही उताऱ्याच्या ठशावरच केलेली असते. कचेरीतून निघाला तसाच उतारा माझ्या हाती पडला, एवढी हमी ती देते. कचेरीतली नोंद न्यायाची आहे की नाही, हे सांगणे तिचे काम नाही.

पण जुन्या कागदांच्या प्रतिमा ही गोष्ट अगदी निराळी आहे. मोडीतल्या पानाची प्रतिमा एकदा घेतली की तिच्यात फरक पडण्याचे काही कारणच उरत नाही. ती सुटी फाईल असते, आणि तिच्यावर पहारा ठेवायला आपली चार ओळींची चिठ्ठी पुरेपूर योग्य. प्रश्न राहतो तो एवढाच, की ठशांची यादी ठेवायची कोणाजवळ? दप्तर ज्याच्या हाती, यादीही त्याच्याच हाती, असे झाले तर पहारा कसला? स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ साली यावर उपाय मांडला. सगळ्या ठशांचा मिळून एक ठसा काढावा आणि तो चारचौघांत जाहीर करावा. १९९५ पासून त्यांच्या रीतीने काढलेला ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापला जाऊ लागला. हरवले-सापडले अशा मजकुरात एक अर्थहीन दिसणारी अक्षरांची ओळ! पण तो अंक हजारो घरांत गेला, ग्रंथालयांत बांधून ठेवला गेला. मागची एक फाईल बदलायची तर जगातला प्रत्येक अंक गोळा करून ती ओळ बदलावी लागेल. आपल्याकडे हेच काम दवंडी करीत असे. पाटलाने चावडीवर काय लिहिले ते साऱ्या गावाने ऐकलेले असे. मागाहून फिरवणे अवघड जाई.

तेव्हा माझी सूचना अशी. या जिल्ह्यात ज्या ज्या वाचनालयाने, शाळेने, देवस्थानाने वा सरकारी कचेरीने जुन्या नोंदींच्या प्रतिमा काढल्या असतील, त्यांनी प्रत्येक प्रतिमेचा ठसा काढावा, त्या यादीचा पुन्हा एक ठसा काढावा, आणि ती चौसष्ट अक्षरे ग्रामपंचायतीच्या फलकावर, संस्थेच्या वार्षिक अहवालात आणि एखाद्या स्थानिक वृत्तपत्रात छापावीत. कोणाच्याही जातीची, जमिनीची, घराण्याची गुप्त माहिती त्यातून बाहेर पडत नाही, कारण ठशावरून मजकूर उलगडता येत नाही. दहा वर्षांनी वाद उभा राहिला आणि एखाद्या नोंदीतला शब्द मागाहून घातल्याचा आरोप आला, तर कोणत्याही पक्षाने आपल्या घरच्या यंत्रावर ठसा काढून अहवालातल्या ओळीशी ताडून पाहावा. प्रतिमा काढण्याआधीच कागदात लबाडी झाली असेल तर मात्र ठसा त्या लबाडीचीही इमानाने राखण करील. तिथे शाई ओळखणारा आणि मोडी जाणणारा माणूसच लागतो, आणि असे वाचक दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत, ही माझी खरी चिंता आहे.

पतसंस्थांच्या चिटणिसांसाठी दोन शब्द. सगळे एकदम करायला जाऊ नका. प्रथम त्या फायली घ्या ज्या वर्षातून एकदाच बदलायच्या असतात : मंजूर झालेला ताळेबंद, सभासदांची बंद केलेली यादी, सभांची सही झालेली इतिवृत्ते. यादीचा ठसा संचालक मंडळाच्या सभेत वाचून दाखवावा आणि इतिवृत्ताच्या वहीत हाताने उतरवावा. चौसष्ट अक्षरे वाचायला दोन मिनिटे लागतात. चहा येईपर्यंत होते. रात्रीची यादी दुसऱ्या यंत्रावर जावी, आणि त्या यंत्राची किल्ली संगणक चालवणाऱ्याकडे नसून दुसऱ्याकडे, उदाहरणार्थ अंतर्गत तपासनिसाकडे, असावी. सकाळी फरकाचे पत्र कोणी वाचायचे त्याचे नाव ठराव करून लिहावे. ‘सर्वांनी पाहावे’ असे लिहिलेले पत्र कोणीच पाहत नाही. फरक काहीच नसेल तरीही ‘फरक नाही’ एवढे पत्र रोज आलेच पाहिजे. ज्या दिवशी ते येणार नाही त्या दिवशी पहारेकरी झोपला किंवा त्याला कोणी झोपवले, असे समजून चौकशी करावी. आणि ज्या फायलींवर पहारा ठेवायचा त्यांच्या यादीत पहिले नाव त्या चिठ्ठीचेच असू द्यावे, कारण रोज ठरल्या वेळी आपण होऊन चालणारी फाईलच बर्कलेत त्या पाहुण्याने निवडली होती.